मेजर बॉटनी आला, आता बीएस्सी वाया गेली का?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. तिने तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीचं पहिलं वर्ष केलं. विषय होते केमिस्ट्री, बॉटनी आणि झूलॉजी. दुसऱ्या वर्षाला यातला एक मेजर (मुख्य विषय) आणि एक मायनर (दुय्यम विषय) निवडायचा होता, तिसरा सुटणार होता. नोंदणी उघडली नेमकी जूनच्या शेवटी. घरी चार एकर वावर, पेरणी सुरू, माणसं कमी. म्हणून तिने आधार कार्ड, गुणपत्रिका वगैरे कागद चुलतभावाकडे दिले आणि त्याने तालुक्याला नेट कॅफेत फॉर्म भरून घेतला. पावती हाती आली तेव्हा कळलं की मेजर बॉटनी, मायनर केमिस्ट्री, आणि ओपन इलेक्टिव्हला (दुसऱ्या शाखेतून घ्यायच्या ऐच्छिक विषयाला) आर्ट्सचा एक विषय. तिला केमिस्ट्री मेजर हवा होता, कारण पुढे केमिस्ट्रीतच एमएस्सी करायचं मनात आहे. ऑफिसात विचारलं तर बाबू म्हणाले, ‘फॉर्म लॉक झाला, आता काही होत नाही.’ चुलतभाऊ म्हणतो, हे सोड आणि अमरावतीला पहिल्या वर्षाला नव्याने अ‍ॅडमिशन घे. बॉटनी काय, मुलींचा टाइमपास विषय आहे. वडील म्हणतात, ‘डिग्री ते डिग्री, त्याच्यात काय पाहाचं?’ पत्राच्या शेवटी तिने जाता जाता लिहिलं आहे की पहिल्या सेमिस्टरचा पर्यावरणाचा पेपर बॅक (नापास झाल्याने राहिलेला) आहे, ‘पण तो काही मेन पेपर नाही.’ तिचा प्रश्न असा : एक वर्ष गेलं तरी चालेल, पण विषय बरोबर असावा म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू का?

उत्तर :

आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायचा नाही. पहिल्या वर्षाला पुन्हा नाव घालू नकोस. मेजर बॉटनी आला म्हणून वर्ष सोडावं इतकं काही बिघडलेलं नाही. जे खरोखर बिघडू शकतं ते तू शेवटच्या ओळीत उरकून टाकलं आहेस. तिकडे मी येतेच.

वर्ष सोडण्याचा हिशेब नुसता वर्षाचा नसतो. अमरावतीत खोली, मेस, येणं-जाणं हे सगळं वडिलांच्या चार एकरांतून निघायचं आहे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती मिळत असेल, तर पास झालेल्या वर्गात पुन्हा बसलं की ती अडते. आणि एवढं करून तिथे दुसऱ्या वर्षाला हाच फॉर्म पुन्हा भरायचा आहेच.

आता ‘लॉक’ची गोष्ट. ऑफिसच्या खिडकीवर हे वाक्य फार सहज मिळतं, आणि गावाकडून आलेली पोरगी ते ऐकून परतीची एसटी धरते. तिथे थांबून एवढंच विचारायचं होतं, की लॉक कुठे झाला? कारण विषयाची नोंद तीन ठिकाणी होते. कॅफेत भरला तो कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म. त्यावरून कॉलेज विद्यार्थ्यांची विषयवार नोंद विद्यापीठाकडे पाठवतं, ही दुसरी जागा. तिसरी जागा म्हणजे परीक्षेचा फॉर्म. तो हिवाळी परीक्षेच्या आधी भरतात आणि त्यावर पेपरची नावं येतात. पहिल्या टप्प्यावरची चूक सहसा कॉलेजातल्या कॉलेजात सुधारते. दुसऱ्या टप्प्यावर विद्यापीठाशी पत्रव्यवहार होतो, कधी दंडाचं शुल्कही लागतं. परीक्षेचा फॉर्म गेल्यावर मात्र दार जवळजवळ बंद होतं. तुझे दुसऱ्या वर्षाचे वर्ग नुकते कुठे सुरू होताहेत, म्हणजे तू अजून पहिल्या टप्प्यावर किंवा पहिल्या-दुसऱ्याच्या उंबरठ्यावर आहेस. त्यामुळे डवरणी (पिकातली आंतरमशागत) होऊ दे, मग बघू, असं करू नकोस. याच आठवड्यात जा.

जाशील तेव्हा ऑफिसात सगळ्यात शेवटी जा. आधी केमिस्ट्रीच्या विभागप्रमुखांना भेट. केमिस्ट्री मेजरला आणखी एक विद्यार्थिनी घेता येईल का, हे बाबूंच्या हातात नसतं. प्रॅक्टिकलची बॅच किती मोठी, टेबलं किती, शिकवणारे किती, यावर ते ठरतं आणि ते विभागालाच माहीत असतं. जागा आहे म्हणाले, तर तिथेच अर्जावर त्यांचा शेरा आणि सही घे. मग नव्या शैक्षणिक धोरणाचं काम पाहणारे जे प्राध्यापक तुमच्या कॉलेजात नेमले असतील त्यांच्याकडे, आणि त्यानंतर प्राचार्यांकडे.

अर्ज अर्ध्या पानाचा असावा. नाव, वर्ग, नोंदणी क्रमांक, आत्ता नोंदवलेला मेजर-मायनर, हवा असलेला मेजर-मायनर, आणि कारणाला एकच ओळ : फॉर्म दुसऱ्या व्यक्तीने भरल्यामुळे निवड चुकीची नोंदवली गेली. पेरणी, चुलतभाऊ, कॅफेवाला यांची कहाणी अर्जात नको. सोबत प्रवेशाच्या पावतीची आणि पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकांची झेरॉक्स जोड. अर्जाच्या दोन प्रती ने आणि एकीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती स्वतःजवळ ठेव. ‘प्राचार्य मीटिंगला गेले’ असं ऐकायला मिळालं तरी शिक्का घेऊनच परत ये. तोंडी विनंती कोणाच्या लक्षात राहत नाही. शिक्क्याच्या कागदाला उत्तर द्यावं लागतं.

इतकं धावपळीचं सांगून झाल्यावर आता जरा बसून विचारते. मेजर बदलायलाच हवा का?

एमएस्सीखेरीज तुझ्या पत्रात केमिस्ट्री का हवी याचं आणखी एक कारण आहे ते असं, की ‘केमिस्ट्रीवाल्याला कंपनीत लगेच लागते.’ हे तुला कोणी सांगितलं ते तू लिहिलं नाहीस. मला वाटतं हे गावातल्या कट्ट्यावरून आलेलं वाक्य आहे. केमिस्ट्रीवाल्यांना औषध आणि रसायन कारखान्यांच्या तपासणी विभागात कामं मिळतात हे खरं. पण ते कारखाने बहुतेक मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात किंवा गुजरातेत आहेत. तिकडे जाण्याची तुझी आणि घरच्यांची तयारी आहे का, हा प्रश्न विषयाच्या आधी येतो. उलट बाजूला, बॉटनी घेतली की कृषी खात्यात लागता येतं, असंही आपल्याकडे सर्रास बोललं जातं. तेही खरं नाही. कृषी सहायकाच्या (आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात) पदाला कृषीचा डिप्लोमा किंवा कृषीची पदवी लागते, बॉटनीची बीएस्सी तिथे चालत नाही. म्हणजे दोन्ही विषयांच्या नावावर ज्या नोकऱ्या खपवल्या जातात त्या निम्म्या ऐकीव आहेत.

म्हणून स्वतःला दुसरा प्रश्न विचार. पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला तू ब्युरेट धरली असशील. फ्लास्कमध्ये अ‍ॅसिड, त्यात फिनॉल्फ्थॅलीन, वरून थेंब थेंब अल्कली. फिकट गुलाबी यायला हवा तिथे एक थेंब जास्त पडून रंग गडद होतो आणि रीडिंग वाया जातं. तेव्हा तुला काय वाटलं होतं? शेजारणीच्या जर्नलमधून आकडा उतरवावासा, की पुन्हा भरून नीट करावंसा? आणि खोडाचा काप घेताना? ब्लेडने दहा काप घ्यायचे, त्यातला सगळ्यात पातळ निवडायचा, सॅफ्रॅनिनमध्ये बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, आणि मग एकदम त्या लाल नळ्यांची रांग दिसते. तेव्हा डोळा वर उचलावासा वाटत नव्हता, की सुट्टी कधी होते याकडे लक्ष होतं? मेजर विषयात तुला अशी दुपार आठवड्यातून अनेकदा काढायची आहे. याचं उत्तर केमिस्ट्री असेल तर बदलासाठी पूर्ण जोर लाव. उत्तर येत नसेल किंवा बॉटनी येत असेल, तर त्या कॅफेवाल्याने नकळत बरंच केलं म्हणायचं.

चुलतभावाचं ‘मुलींचा टाइमपास विषय’ हे सोडून दे. नागपुरातच केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. अकोल्यात पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, महाबीजचं, म्हणजे राज्याच्या बियाणे महामंडळाचं, मुख्यालय आहे. आपल्या वावरातला कापूस आणि आपल्या भागातली संत्री ज्या विज्ञानावर उभी आहेत, ते टाइमपास कसं होईल? या संस्थांत नोकरी मिळेलच असं मी म्हणत नाही. वर सांगितल्याप्रमाणे शेतीच्या पदांचे दरवाजे वेगळे असतात. पण विषयाची किंमत कट्ट्यावर ठरत नाही, एवढं लक्षात असू दे.

आता तुझी खरी भीती, की बॉटनी मेजर राहिला तर केमिस्ट्रीचं एमएस्सी गेलं. हे गृहीत धरून तू सगळं पत्र लिहिलं आहेस आणि नेमकं तेच तपासलेलं नाहीस. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांची जी नवी चौकट दिली, तिच्यानुसार पदवीला जो विषय मेजर किंवा मायनर होता, त्यापैकी कोणत्याही विषयात विद्यार्थी एमएस्सीला जाऊ शकतो. शिवाय ज्या विषयात एमएस्सी करायचं आहे त्याची राष्ट्रीय किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पास झाल्यास पदवीचे विषय वेगळे असले तरी जाता येतं. तुझा मायनर केमिस्ट्रीच आहे. तेव्हा दार बंद झालेलं नाही. मात्र प्रत्येक विद्यापीठ आपल्या माहितीपत्रकात आपली अट वेगळी लिहितं, म्हणून जिथे जायचं मनात आहे त्या विभागाचं गेल्या वर्षीचं एमएस्सी प्रवेशाचं माहितीपत्रक काढ आणि ‘पात्रता’ हा एक परिच्छेद शब्दन् शब्द वाच. ते इंग्रजीत असेल, घाबरू नकोस. कॉलेजात वाचायला घेऊन जा, कोणीही मॅडम समजावून देतील.

पण पात्रता म्हणजे तयारी नव्हे, हेही सांगायला हवं. मायनरला केमिस्ट्रीचे पेपर कमी असतात. मेजरवाले तिसऱ्या वर्षी ऑरगॅनिकच्या ज्या रिअ‍ॅक्शन्स आठवडेच्या आठवडे घोकतील, त्या तुला स्वतः पुस्तक घेऊन कराव्या लागतील. आयआयटीतल्या एमएस्सीसाठी ‘जॅम’ नावाची परीक्षा असते. तिच्यात केमिस्ट्रीचा पेपर आहे, बॉटनी किंवा झूलॉजीचा वेगळा पेपर नाही. त्या विषयांच्या मुलांना तिथे बायोटेक्नॉलॉजीचा पेपर द्यावा लागतो. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा आहे. अशी परीक्षा द्यायची असेल तर मेजर केमिस्ट्री असणं नक्कीच सोयीचं. आणि आपल्याच कॉलेजात चौथं वर्ष करून ऑनर्सची पदवी घ्यायची असेल, तर ती मेजर विषयातच मिळते. खेड्यातल्या सगळ्याच कॉलेजांत चौथं वर्ष नसतं. तीन वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षांचं एमएस्सी करण्याचा जुना रस्ता चालू आहेच, त्यामुळे ऑनर्सची चिंता आत्ता करू नकोस.

आणखी एक गोष्ट बघ, ती कोणत्याच माहितीपत्रकात लिहिलेली नसते. तुमच्या कॉलेजात या दोन विषयांना प्रत्यक्ष शिकवतं कोण? आपल्याकडे कित्येक जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरचे शिक्षक येतात, तेही कधी दिवाळीच्या तोंडावर. सीनियर मुलींना विचार : कोणत्या विषयाचे तास होतात, कोणत्या लॅबमध्ये रसायनं असतात, कोणते सर जर्नल खरोखर तपासतात. ज्या विषयाला नीट शिकवणारं माणूस आहे तो विषय, अशी निवड मी आवडीच्या खालोखाल ठेवीन. नोकरीच्या गप्पांच्या तर बरीच वर.

ओपन इलेक्टिव्हला आर्ट्सचा विषय पाहून तू हबकलीस. पण सगळ्या फॉर्ममध्ये तेवढंच एक निःसंशय बरोबर भरलं आहे! राज्याच्या चौकटीत ओपन इलेक्टिव्ह हा तुझ्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा असतो. सायन्सच्या मुलीला तो आर्ट्स किंवा कॉमर्समधूनच मिळणार. तो बदलायच्या मागे लागू नकोस.

ही चौकट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते, कारण तुझ्यासारख्या पुष्कळ जणांचा गोंधळ इथेच होतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेली पदवीची ही रचना महाराष्ट्रात २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने आली, १३ मार्च २०२४ ला सुधारली, आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली. म्हणजे गावातला जो दादा किंवा ताई तुला विषय कसे घ्यायचे ते सांगते, त्यांनी बीएस्सी त्याआधी केली असेल तर त्यांचा सल्ला जुन्या घराच्या किल्लीसारखा आहे. पूर्वी तीन विषय घेतले की तिन्ही वर्षं तेच, आणि पास झालं की झालं. आता तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मोजायचं एकक) लागतात, एका सेमिस्टरला २० ते २२. आणि ती नुसती बेरजेने भरायची नसतात. मेजरची इतकी, मायनरची इतकी, ओपन इलेक्टिव्हची, कौशल्याची, भाषेची, भारतीय ज्ञानप्रणालीची, मूल्यशिक्षणाची, फील्ड प्रोजेक्टची, असा प्रत्येक कप्पा वेगळा भरावा लागतो. एका कप्प्यातलं जास्तीचं दुसऱ्यात चालत नाही.

आता तुझ्या त्या शेवटच्या ओळीकडे येते. पर्यावरणाचा पेपर ‘मेन’ नाही हे तुला कोणी सांगितलं? जुन्या पद्धतीत पर्यावरणाकडे वर्गात कोणी फारसं बघत नसे, तीच सवय अजून चालू आहे. या चौकटीत तो मूल्यशिक्षणाच्या कप्प्यात येतो. क्रेडिट असतील दोनच, पण ती दोन नसली तर पदवी पूर्ण होत नाही, मग केमिस्ट्रीत वर्गात पहिली का असेनास. मेजर-मायनर अदलाबदल झालेली मुलगी पुढे काही ना काही मार्ग काढते. दोन क्रेडिटची बॅक घेऊन तिसऱ्या वर्षाच्या निकालाला उभी राहिलेली मुलगी मात्र अडकते, कारण तोवर एमएस्सीचे, बीएडचे प्रवेश चालू झालेले असतात आणि हातात पूर्ण निकाल नसतो. शिवाय पहिल्या वर्षातलं काही शिल्लक असेल तर तिसऱ्या वर्षात जाऊ देत नाहीत, असा नियम पुष्कळ विद्यापीठांत आहे. तुझ्या विद्यापीठाचा एटीकेटीचा (बॅक असताना पुढच्या वर्षात जाऊ देण्याचा) नियम विचारून घे आणि हिवाळी परीक्षेचे फॉर्म निघतील तेव्हा बॅकचा फॉर्म भर. तो बहुतेक ठिकाणी नियमित फॉर्मपेक्षा वेगळा असतो आणि त्याचं शुल्कही वेगळं. मुली एक फॉर्म भरून निश्चिंत होतात आणि बॅकचा राहून जातो. तसं करू नकोस.

याच रांगेतली दुसरी बारीक वाटणारी गोष्ट म्हणजे क्रेडिट बँकेचं खातं. हल्ली ते ‘अपार’ क्रमांकाने चालतं, बारा आकडी, डिजिलॉकरमध्ये दिसतं. तुझी क्रेडिट तिथे जमा होतात. अडचण येते नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं आधी. आणि स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी एक अक्षर जास्त. मग नोंदी जुळत नाहीत. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव हे मूळ धरून आधार दुरुस्त करून घे. तालुक्याच्या आधार केंद्रावर हे काम होतं. तिसऱ्या वर्षी निकाल अडल्यावर धावण्यापेक्षा आत्ता सवडीने केलेलं बरं. शिष्यवृत्तीचे पैसेही आधारला जोडलेल्या बँक खात्यातच येतात, तेव्हा ते खातं चालू आहे ना, हेही त्याच फेरीत पाहून घे. महाडीबीटीचा अर्ज यंदा पुन्हा करावा लागतो का तेही विचार, गेल्या वर्षीचा पुढे आपोआप चालतो असं धरून बसू नकोस.

हे वाचणाऱ्यांत अशाही मुली असतील ज्यांचं पहिलं-दुसरं वर्ष झालं आणि लग्न ठरलं, किंवा घरच्या अडचणीने शिक्षण थांबतंय. त्यांच्यासाठी क्रेडिट बँकेचा उपयोग तुझ्याहून मोठा आहे. मिळवलेली क्रेडिट सात वर्षांपर्यंत टिकतात. पहिल्या वर्षाची क्रेडिट पूर्ण करून कौशल्याची किंवा इंटर्नशिपची चार जास्तीची केली तर प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनी तसंच डिप्लोमा. तेव्हा कॉलेज सोडताना नुसती टीसी काढून गप घरी बसू नका. खात्यात क्रेडिट चढली का ते पाहा आणि तो क्रमांक वहीत लिहून ठेवा.

पुन्हा तुझ्याकडे. तू रोज गावाहून येणं-जाणं करतेस, म्हणून वेळापत्रकाचं गणित सांगते. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला १५ तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल ६० तासांचं, म्हणजे पंधरा आठवड्यांत आठवड्याला चार तास. प्रॅक्टिकल बहुतेक दुपारी लागतात. तुझ्या गावची शेवटची एसटी किती वाजता सुटते? बॅच ठरायच्या आधीच सांगितलंस तर सकाळची किंवा लवकरची बॅच मिळू शकते. बॅच ठरल्यावर कोणी बदलून देत नाही. आणि बस चुकेल म्हणून जर्नल अर्धवट टाकून पळणाऱ्या मुलीचे इंटर्नलचे मार्क कसे कापले जातात, हे तू पहिल्या वर्षी पाहिलंच असशील.

वडिलांचं ‘डिग्री ते डिग्री’ मला अर्धं पटतं. राज्यसेवा, तलाठी अशा परीक्षांना कोणतीही पदवी चालते, तिथे मेजर कोणी विचारत नाही. पण बीएडला जायचं ठरलं तर अध्यापन पद्धतीचे विषय पदवीच्या विषयांवरून ठरतात, आणि टक्क्यांची अट असते : खुल्या गटाला ५०, महाराष्ट्रातल्या राखीव गटांना ४५. वनसेवेच्या परीक्षेलाही पदवीचे विषय पाहतात आणि बॉटनी त्यांत बसतो. हे वडिलांना असं सांग, की पदवी मिळणारच आहे, पण तिच्यातून पुढे कुठे जायचं ते विषयावर आणि मार्कांवर अवलंबून आहे. कास्तकार माणसाला बियाण्याची निवड समजते, त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. आणि फी पेरणीच्या दिवसांत भरावी लागते ही अडचण एकट्या तुझ्या घरची नाही. हप्त्यांसाठी प्राचार्यांना वेगळा अर्ज देता येतो, पुष्कळ कॉलेजं ते मान्य करतात. विषयाच्या अर्जात तो मिसळू नकोस.

चुलतभावावर राग धरू नकोस. तो स्वतःचं काम टाकून तुझ्यासाठी तालुक्याला गेला. पण यापुढचा फॉर्म तूच भर. नेटवर्क नसेल तर कॅफेत जा, मात्र खुर्चीशेजारी बसून प्रत्येक रकाना स्वतः वाच आणि ‘सबमिट’ व्हायच्या आधी त्याला हात थांबवायला सांग. आणि आत्ता, हे वाचता वाचता, पावती काढून बघ की तिच्यावर मोबाइल नंबर आणि ईमेल कोणाचा आहे. घाईत कॅफेवाले स्वतःचाच नंबर टाकतात. मग ओटीपी त्यांच्याकडे जातो, पासवर्ड त्यांच्याकडे राहतो, आणि परीक्षेचा फॉर्म निघाल्याचा मेसेजही त्यांनाच येतो. तसं असेल तर विषयाच्या अर्जाबरोबर नंबर बदलण्याचाही अर्ज दे.

अर्ज मान्य झाला तर प्रश्नच मिटला. विभागप्रमुख म्हणाले की जागा नाही, तर वाद घालत महिना घालवू नकोस. तेव्हाच बॉटनीच्या विभागप्रमुखांना भेट आणि फील्ड प्रोजेक्टचं विचार. दुसऱ्या वर्षाला तो असतो, आणि तुझ्या मेजर-मायनरची जोडी त्यासाठी चांगली आहे. घरच्या वावरात सोयाबीन असेल तर त्याच्या मुळावरच्या गाठी मोजणं हे बॉटनीचं काम, आणि त्याच जागेच्या मातीचा सामू (पीएच) काढणं हे केमिस्ट्रीचं. गाठी फुलोऱ्याच्या सुमारास चांगल्या दिसतात आणि जूनअखेरच्या पेरणीचा फुलोरा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. प्रोजेक्टचा विषय त्याआधी मंजूर करून घे.